तीन संध्याकाळींचं घर: मुलांबरोबर जिंजरब्रेड हाउस बांधताना

आमचं पहिलं जिंजरब्रेड हाउस, म्हणजे मसालेदार बिस्किटांचं नाताळातलं छोटं घर, रात्री साडेअकराच्या सुमाराला पडलं. मुलं झोपली होती, मी भांडी आवरत होते, आणि मागे टेबलावर सर्र असा बारीक आवाज आला. वळून बघते तर छपराची उजवी बाजू ओल्या आयसिंगवरून हळूहळू खाली उतरत होती, घसरगुंडीवरून एखादं मूल उतरावं तशी. मी धावत जाऊन छप्पर धरलं आणि त्या गडबडीत कोपराने मागची भिंत पाडली.

सकाळी पीठ, दुपारी भाजणं, संध्याकाळी बांधकाम, असं सगळं एकाच शनिवारी उरकायचा हट्ट मला नडला होता. आता आमचं सातवं वर्ष आहे. या सात वर्षांत माझा हात काही फार सुधारलेला नाही, पण घर पडायचं थांबलं, कारण आम्ही ते तीन दिवसांत करतो. पीठ मुरायला एक रात्र, बिस्किटं कोरडी व्हायला एक रात्र, भिंती सुकायला एक रात्र. पहिल्यांदा करणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, या तीन रात्री विसरू नयेत.

आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. इथे या बिस्किटांना पेप्परकाकोर म्हणतात आणि घराला पेप्परकाक्सहूस. नावात मिरी आहे, पण आजच्या बहुतेक पाककृतींत ती नसते. सुंठ, दालचिनी, लवंग आणि वेलची असते. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्याशेजारी जी छोटी बाटली असते, तिच्यातलंच सगळं. मसालेदार बिस्किटांची परंपरा युरोपात जुनी. जर्मनीतलं न्यूरेंबर्ग त्यासाठी कित्येक शतकं प्रसिद्ध आहे. घराची कल्पना मात्र हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना जंगलात चेटकिणीचं खाऊचं घर सापडतं त्या गोष्टीमुळे फोफावली. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी ती १८१२ साली छापली. गंमत म्हणजे त्यांच्या गोष्टीतलं चेटकिणीचं घर पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. त्याचं मसालेदार बिस्किटांचं घर बेकरीवाल्यांनी आणि आयांनी केलं. जर्मनीतून ती रीत उत्तरेकडे आली आणि इथल्या नाताळात मुरली.

आपल्याकडे वसईत किंवा गोव्यात नाताळ म्हटला की नेवऱ्या, दोदोल, गव्हाणीचा देखावा आणि दारावरचा कागदी तारा. तिथल्या घरांत हे बिस्किटांचं घर पूर्वापार नव्हतंच. पण पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी गेली काही वर्षं दर डिसेंबरात मला विचारतात, म्हणून जिथे लागेल तिथे इंडियातल्या स्वयंपाकघराचाही विचार करून लिहिते.

आधी पुठ्ठा

बांधकाम नकाशापासून सुरू होतं, आणि हे काम मुलांचं. कॉर्नफ्लेक्सचा रिकामा खोका घ्या. त्यातून समोरची आणि मागची भिंत कापा: रुंदी १२ सेंटिमीटर, कडेची उंची १० आणि मधल्या टोकाची उंची १७. बाजूच्या दोन भिंती १५ बाय १०. छपराचे दोन तुकडे १८ बाय ११. छप्पर भिंतींपेक्षा थोडं मोठं ठेवायचं, म्हणजे वळचण पुढे येते आणि आतली जोडणी वाकडी झाली तरी झाकली जाते. मी हे माप सगळ्या नवख्यांना देते, कारण यापेक्षा मोठं घर घरगुती ट्रेमध्ये बसत नाही आणि लहान घरात मुलांचे हात जात नाहीत.

हे पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीने जोडून एकदा घर उभं करून पाहा. नक्की करा. छप्पर बसतंय का, दार कुठे हवं, धुराडं पाहिजे का, हे सगळे वाद पुठ्ठ्यावरच मिटतात. (धुराडं पहिल्या वर्षी नको. उतरत्या छपरावर बसण्यासाठी ते तिरकं कापावं लागतं आणि त्या चार चिमुकल्या तुकड्यांवर अर्धा तास जातो.) आमच्या धाकट्याला घराला बुरूज हवा होता. चूक त्याची नव्हती. दिवाळीत आम्ही बाल्कनीत कुंडीतल्या मातीचा किल्ला केला होता आणि त्याच्या डोक्यात बांधकाम म्हणजे तटबंदी. शेवटी दाराच्या दोन्ही बाजूंना दोन गोल बिस्किटं लावून तह झाला.

पहिली संध्याकाळ: पीठ

एका घराला आणि वर मुलांच्या बिस्किटांना पुरेल एवढं साहित्य असं: १५० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, १४० ग्रॅम काकवी, १०० मिलिलिटर पाणी, एक मोठा चमचा सुंठ पूड, एक मोठा चमचा दालचिनी पूड, एक छोटा चमचा लवंग पूड, एक छोटा चमचा वेलची पूड, एक छोटा चमचा खायचा सोडा आणि ५५० ग्रॅम मैदा. लाटताना लावायला आणखी मूठभर मैदा. अंडं यात नाही, शाकाहारी घरांनी खुशाल करावं.

काकवीबद्दल थोडं थांबते. स्वीडिश पाककृतीत सिराप म्हणून साखरेचा एक दाट पाक असतो, तो इथे कुठल्याही दुकानात मिळतो. दोन वर्षांपूर्वी सासूबाई येताना कोल्हापूरहून काकवीची बाटली घेऊन आल्या, पोळीबरोबर खायला. त्या वर्षी सिराप संपला होता म्हणून मी काकवी घातली, आणि तेव्हापासून आमच्याकडे काकवीच. रंग जास्त गडद येतो, चवीला किंचित खारट-कडवट छटा येते आणि वास असा, की सासूबाई म्हणाल्या, "अगं, गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखं वाटतंय." इंडियात डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळांचा हंगामच, ताजी काकवी मिळू शकते. नसेल तर १२० ग्रॅम गूळ दोन मोठे चमचे पाण्यात वितळवून गाळून घ्या.

काकवी, साखर आणि पाणी एका पातेल्यात गरम करायचं. साखर विरघळली की गॅस बंद. त्यात लोणी घालून ढवळत राहा, तेही वितळेल. आता हे मिश्रण कोमट होऊ द्या. तोवर मुलांना मसाले हुंगायला द्या. कुठली पूड कुठली ते डोळे मिटून ओळखायचं. लवंगेवर आमच्याकडे हमखास शिंक येते. घरी कुटलेली लवंग बाजारच्या पुडीपेक्षा तिखट असते, म्हणून वर छोटा एकच चमचा लिहिलाय; इथले लोक दीड घालतात.

मैद्यात मसाले आणि सोडा मिसळून तो कोमट मिश्रणात घाला आणि डावाने एकत्र करा. गोळा सैल दिसेल, हाताला चिकटेल, आणि तुम्हाला वाटेल की मैदा कमी पडला. नाही पडला. लोणी अजून पातळ आहे, फ्रिजमध्ये गेलं की आवळेल. इथेच नवखे आणखी वाटीभर मैदा ओततात आणि मग दुसऱ्या दिवशी पिठाला भेगा पडतात. सोडाही जास्त घालू नका. खायच्या बिस्किटांना तो थोडा अधिक चालतो, पण भिंत फुगली की माप बिघडतं.

गोळा दोन भागांत करून, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मुलांना वाटतं आज काहीच झालं नाही, म्हणून पहिल्या संध्याकाळी मी त्यांना कच्च्या पिठाची बोटं चाटू देत नाही (कच्चा मैदा पोटाला बरा नाही), त्याऐवजी थोडा काकवीचा पाक देते, अर्थात मैदा घालण्याआधी बाजूला काढलेला. तीनही दिवस शेवटी काहीतरी तोंडात पडलं पाहिजे, नाहीतर तीन दिवस कोणतंच मूल थांबत नाही.

दुसरी संध्याकाळ: लाटणं आणि भाजणं

पीठ लाटण्याआधी तासभर बाहेर काढा. दगडासारखं लागलं तर हाताने मळून मऊ करा, शंकरपाळ्याच्या पिठाला मळतो तसं.

आता एक युक्ती, जी मला तिसऱ्या वर्षी शेजारीण आजींनी दाखवली. पोळपाटावर लाटून, कापून, मग तुकडा उचलून ट्रेवर ठेवायचा नाही. उचलताना तो ताणला जातो, आयताचा समांतरभुज होतो आणि भिंती जुळत नाहीत. बटर पेपर ओट्यावर पसरा, त्यावरच ४ मिलिमीटर जाड पोळी लाटा, पुठ्ठ्याचा तुकडा वर ठेवून सुरीने कापा, आणि भिंतीचा तुकडा जागेवर ठेवून भोवतालचं पीठ काढून घ्या. मग कागदासकट ट्रेवर. भिंत एकदाही हातात येत नाही. पोळीची जाडी सगळीकडे सारखी हवी. कडेला पातळ झाली तर कड करपते आणि मध्य मऊ राहतो.

दार आणि खिडक्या आत्ताच कापा. दाराचा तुकडा वेगळा भाजा, तो नंतर उघडा लावता येतो. मागच्या भिंतीच्या तळाशी बोटभर भोक ठेवा, आत दिव्यांची माळ घालायची असेल तर वायर तिथून निघते. घराला साधारण अर्धं पीठ लागतं. उरलेल्यातून छपराचा एक जादा तुकडा कापा, आणि बाकी सगळं मुलांच्या हवाली करा. झाडं, माणसं, मांजर, काय हवं ते. त्यात लक्ष घालू नका. आमच्या मोठीने एका वर्षी फक्त सतरा बदकं केली.

ओव्हन १७५ अंशांवर. भिंतींना १० ते १३ मिनिटं लागतात, छोट्या बिस्किटांना ६ ते ८, म्हणून मोठे आणि छोटे तुकडे एका ट्रेवर ठेवू नका. छोट्या ओटीजीत (टेबलावरच्या ओव्हनमध्ये) एका वेळी दोनच तुकडे बसतील, आणि मागची बाजू जास्त तापत असेल तर मध्येच ट्रे फिरवावा लागेल. खायच्या बिस्किटापेक्षा भिंत एक छटा जास्त भाजायची. कडा गडद झाल्या आणि मध्यावर बोट टेकवल्यावर खळगा राहिला नाही, की काढा.

बाहेर काढल्यावर पहिलं एक मिनिट सोन्याचं. बिस्किट गरम असताना मऊ असतं आणि सुरीने लोण्यासारखं कापलं जातं. पुठ्ठ्याचा तुकडा वर ठेवा, जिथे फुगून बाहेर आलंय ते छाटून टाका. निवल्यावर हेच करायला गेलात तर भिंतीचे दोन तुकडे होतात. छाटलेल्या गरम पट्ट्या म्हणजे दुसऱ्या संध्याकाळचा खाऊ.

काचेच्या खिडक्या हव्या असतील तर पारदर्शक रंगीत गोळ्या, संत्र्याच्या किंवा लिंबाच्या चालतील, पिशवीत घालून लाटण्याने कुटा. भिंत जवळजवळ भाजली की शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना तो चुरा खिडकीच्या भोकात भरा आणि ट्रे परत आत ढकला. चुरा वितळून पसरतो. पूर्ण निवेपर्यंत कागदावरून हलवू नका. इथले काही लोक जिलेटिनचा पातळ पत्रा आतून चिकटवतात. दिसतो छान, पण जिलेटिन प्राणिजन्य असतं. मऊ जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांतही ते बहुतेक वेळा असतंच, तेव्हा शाकाहारी घरांनी सजावटीचं पाकीट उलटून वाचावं.

सगळे तुकडे सपाट जागी, एकमेकांवर न रचता, रात्रभर उघडे ठेवा. सकाळी एखादी भिंत मऊ लागली तर १५० अंशांवर दहा मिनिटं पुन्हा भाजा.

आधी नटवा, मग उभं करा

तिसऱ्या दिवशी लगेच बांधायला घेऊ नका. भिंती टेबलावर आडव्या असतानाच त्यांच्यावर नक्षी काढून घ्या. उभ्या भिंतीवर आयसिंग ओघळतं, आणि सहा वर्षांचं मूल उभ्या भिंतीला दाब देऊन ती पाडतं. आडव्यावर रांगोळी घालायची तर सगळ्यांनाच येते.

आयसिंग साधं आहे: एका अंड्याचा पांढरा भाग, २०० ते २५० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, एक छोटा चमचा लिंबाचा रस. पाच मिनिटं फेटा. एका घराला याच्या दुप्पट करा. अंडं कच्चं राहतं, म्हणून लहान मुलं खाणार असतील तर पाश्चराइज केलेला पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची वाळवलेली पूड) वापरा. अंडं नकोच असेल तर डब्यातल्या छोल्यांचं पाणी दोन मोठे चमचे घ्या; ते अंड्याच्या पांढऱ्यासारखंच फेसाळतं. नुसती पिठीसाखर आणि दूध कालवून नक्षी निघते, पण त्याने भिंती जोडू नका.

दोन वाट्यांत दोन प्रकारचं ठेवा. जोडायचं आयसिंग चक्क्याइतकं घट्ट, चमचा उभा राहील असं. नक्षीचं त्याहून सैल, श्रीखंडासारखं. पहिल्या वर्षी माझं छप्पर घसरलं ते श्रीखंडावरून. वाट्यांवर ओलं फडकं टाका, उघडं आयसिंग पाच मिनिटांत साय धरतं.

नक्षीसाठी नोझलचा सेट घ्यायची गरज नाही. बटर पेपरचा किंवा दुधाच्या जाड पिशवीचा मेंदीसारखा कोन करा आणि टोक अगदी बारीक कापा. मेंदी काढलेल्या हाताला हे जन्मजात येतं. सासूबाईंनी पहिल्यांदा कोन हातात घेतला आणि छपरावर कौलांऐवजी एक झकास कुयरी काढली.

इथली घरं साधी असतात, पांढऱ्या आयसिंगच्या रेघा आणि फार तर थोड्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या. अमेरिकन पद्धतीत कँडी केन (साखरेच्या छड्या), गमड्रॉप्स (मऊ गोळ्या), जेली असं सगळं भिंतभर असतं. माझा कल साधेपणाकडे आहे, कारण जड गोळ्या छपराला ओढतात. मुलांचा कल अर्थातच दुसरीकडे. मग आम्ही वाटणी केली: छप्पर माझं, अंगण त्यांचं. इंडियात असाल तर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, काजूच्या पाकळ्यांची कौलं, बर्फासाठी सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस. आणि संक्रांतीचा काटेरी हलवा मिळाला तर सोडू नका. त्याच्यासारखं बर्फाने गोठलेलं कुंपण दुसऱ्या कशाने होत नाही.

उभारणी

पाया सपाट आणि हलवता येईल असा हवा. केकचा जाड पुठ्ठा, भाजी कापायचा फळा, किंवा घरी पाट असेल तर त्यावर फॉइल गुंडाळा.

समोरची भिंत आणि एक बाजू जोडून सुरुवात करा. बाजूच्या भिंती पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसतात. जोडाच्या कडेला आणि तळाला आयसिंगची जाड रेघ द्या, काटकोनात उभ्या करा आणि आतून-बाहेरून डबे लावून टेकू द्या. डाळीचा डबा, चहाचा डबा, तुपाची बरणी. अर्ध्या तासाने तिसरी भिंत, मग चौथी. आतल्या कोपऱ्यांत आणखी आयसिंग भरा, ते कुणाला दिसत नाही आणि खरा भार तेच घेतं. दिव्यांची माळ आत घालायची ती आत्ता. बॅटरीवरची एलईडी माळच. खरी मेणबत्ती आत कधीही नको.

आणि आता छपराला हात लावू नका. निदान तीन-चार तास, जमलं तर उद्यापर्यंत. मुलं विचारतील, शंभरदा विचारतील. त्यांना उरलेली बिस्किटं रंगवायला द्या. तिसऱ्या संध्याकाळचा खाऊ हाच. छप्पर बसवल्यावर वळचणीखाली दोन्हीकडे सारख्या उंचीच्या वाट्या उपड्या ठेवा, म्हणजे ते घसरणार नाही, आणि रात्रभर तसंच राहू द्या. वरच्या फटीवर सकाळी मुलांनी जाड आयसिंग थापायचं. तो बर्फ.

इथल्या पुष्कळ घरांत आयसिंगऐवजी वितळलेल्या साखरेने जोडतात. ज्यांनी घरी चिक्की केली आहे त्यांना ही साखर नवी नाही. रुंद तव्यात २०० ग्रॅम साखर मध्यम आचेवर, पाणी न घालता. ढवळायची नाही, तवाच हलवायचा. मधासारख्या रंगावर आली की आच अगदी मंद. भिंतीची कड त्यात बुडवा आणि लगेच जोडा. दहा सेकंदांत पक्की होते, पुन्हा सरकवता येत नाही. घर अर्ध्या तासात उभं राहतं आणि दगडासारखं टिकतं. ज्यांना खरोखरच वेळ नाही त्यांना एक रात्र वाचवायला हाच एक मार्ग.

पण हे काम फक्त मोठ्यांचं, आणि मुलं त्या वेळी स्वयंपाकघराच्या बाहेर. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा खूप जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड आला किंवा मोठं भाजलं तर डॉक्टरकडे. तव्याची काळजी करू नका, पाणी घालून उकळलं की साखर आपोआप सुटते.

पडलं तर

तरीही पडतं कधीकधी. भिंत तुटली तर मागच्या बाजूने बिस्किटाची पट्टी चक्क्याएवढ्या घट्ट आयसिंगने ठिगळासारखी लावा आणि पुढच्या भेगेवर वेल काढा. छपरासाठी जादा तुकडा आहेच. सगळंच कोसळलं तर तुकड्यांवर पिठीसाखर भुरभुरवा आणि आमच्या मोठीसारखं जाहीर करा की हे हिमवादळानंतरचं घर आहे.

नॉर्वेत बेर्गेनला १९९१ पासून दर नाताळात जिंजरब्रेडचं आख्खं गाव उभारतात. बालवाड्या, शाळा, घरोघरची माणसं आपापलं घर करून आणून देतात, शेकड्यांनी. २००९ साली कुणीतरी आत शिरून ते गाव तुडवून टाकलं. बातमी पसरली, लोकांनी पुन्हा ओव्हन पेटवले आणि थोड्याच दिवसांत गाव परत उभं राहिलं. आमचं छप्पर पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना हे सांगितलं. धाकट्याने एवढंच विचारलं, की तुडवलेली बिस्किटं कुणी खाल्ली.

ठेवायचं कुठे, किती दिवस

बिस्किट हवेतला ओलावा पितं. इथे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की घर महिनाभर टणक राहतं. मुंबई, कोकण, गोव्यात तसं होणार नाही. आठवड्याभरात भिंती मऊ पडायला लागतात आणि साखरेच्या खिडक्या चिकट होतात. तिथे नाताळच्या चार-पाच दिवस आधीच करा, आणि रात्री मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका. पुण्या-नाशिकची डिसेंबरची थंडी याला उत्तम. कुठेही असा, शेगडी आणि कुकरच्या वाफेपासून लांब. आणि मुंग्या. इथे तो प्रश्न नाही, पण आईकडे एका वर्षी केलं तेव्हा पाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, जुन्या दूधकपाटासारख्या.

आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बांधतो, १३ तारखेच्या लुसिया या सणापर्यंत तयार होईल असं. त्या सकाळी शाळेत मुलं पांढरे झगे घालून, हातात दिवे घेऊन गात येतात, आणि एकदोन मुलं तपकिरी कपड्यांत पेप्परकाकाचा माणूस झालेली असतात. धाकट्याला दरवर्षी तेच व्हायचं असतं.

फोडणं

मुलांना सुरुवातीलाच सांगून ठेवा की हे घर फोडायचं आहे आणि कधी फोडायचं आहे. स्वीडनमध्ये तो दिवस ठरलेला: १३ जानेवारी, क्नुटचा दिवस, नाताळपासून मोजला तर २०वा दिवस. त्या दिवशी नाताळचं झाड बाहेर काढतात, त्यावरचा खाऊ मुलं लुटतात आणि घर फोडून खातात. तारीख माहीत असली की रोज छपरावरची एकेक गोळी गुपचूप गायब होण्याचं प्रमाण कमी होतं. बंद होत नाही.

फोडण्याआधी आतली माळ काढून घ्या, वर स्वच्छ फडकं टाका, म्हणजे साखरेच्या काचा उडत नाहीत. मग लाटणं. महिनाभर उघड्यावर धूळ खात राहिलेले बाहेरचे भाग मी टाकून देते, आतले ठेवते. ते चहात बुडवून खायचे, तसे दातांना झेपत नाहीत.

इथे एक खेळ आहे. पेप्परकाका तळहातावर ठेवायचा, मनात इच्छा धरायची आणि मधोमध बोटाने दाबायचं. तीन तुकडे झाले तर इच्छा पुरी. तो खेळ पातळ बिस्किटांचा आहे, पण आमच्या धाकट्याने गेल्या वर्षी छपराचा तुकडाच हातावर घेतला. दाबतोय, दाबतोय, काही होईना. सासूबाईंनी तो तुकडा त्याच्या हातातून घेतला, खलात ठेवला आणि बत्त्याचा एक ठोका दिला. मोजले तर अकरा. "तीन तुझे," त्या म्हणाल्या, "उरलेले उद्याच्या तिळगुळात."

आणि खरंच, सुंठ-लवंगेच्या त्या चुऱ्याने तिळाचे लाडू काय लागले म्हणून सांगू.